कलकत्त्यातली पाच घरं

अर्पिताला ताप आला, ती न्हाणीत घसरून पडली, किंवा नुसतीच दोन दिवस दार उघडून बाहेर आली नाही, तर तिच्या दारावर थाप कोण मारणार? हा प्रश्न दैवशालाला भाकरी थापताना पडला आणि तव्यावरची भाकरी करपली तरी तो काही डोक्यातून गेला नाही.

तसा तो नवा नव्हता. लेक कलकत्त्याला नोकरीला गेल्यापासून काळजी होतीच. पण आधी ती धुक्यासारखी होती, तिला नाक-डोळे नव्हते. महिन्यापूर्वी दैवशाला स्वतः तिकडं जाऊन आली आणि काळजीला एक जागा मिळाली. तिसरा मजला, हिरवं दार, आत एक खोली, एवढंसं स्वयंपाकघर, आणि समोर दुसरं एक दार, जे ती तिथं होती तोवर एकदाही उघडलं नाही.

महारुद्र जेवायला बसला होता. येरमाळ्याच्या हायवेवर त्याचं हार्डवेअरचं दुकान. सकाळी जेवून गेला की तो दिवेलागणीनंतरच घरी येई.

"आज शुक्रवार," तो म्हणाला. "रविवारी वाशीवाल्यांना काय ते सांगायचं हाय. तू बोल तिच्याशी. तुझं ऐकती ती."

"माझं कधी ऐकलंय?"

"मग माझं तर त्याहून न्हाय." त्यानं करपलेली भाकरी उलटीपालटी करून पाहिली. "हिला काय झालं?"

"तुमच्यासारखी झाली. एका बाजूनं."

महारुद्र हसला, पण विषय त्यानं सोडला नाही. वाशी जवळचंच तालुक्याचं गाव, आणि स्थळ चांगलं होतं. मुलाचं कृषी सेवा केंद्र, माणसं साधी, मागणी कसलीच नाही. अट एकच. सून एवढ्या लांब नोकरी करणारी नको. तिनं राजीनामा देऊन यावं.

"तिथं तिला कोण हाय?" तो म्हणाला. "तूच आल्यावर सांगितलंस ना, कोण न्हाय म्हणून? मग स्पष्ट सांग तिला. पोरी, बास झालं, ये."

सांगितलं होतं दैवशालानंच. आणि ज्या दिवसामुळं सांगितलं, तो दिवसही शुक्रवारच होता.

*

अर्पिता लहानपणापासून कमी बोलायची. मुकी नव्हे, घुमीही नव्हे. विचारलं की नीट उत्तर द्यायची, पण आपण होऊन कुणाला काही विचारायची नाही. वर्गात पेन्सिल मोडली तर शेजारणीकडं मागण्याऐवजी मोडक्या तुकड्यानं लिहायची. यात्रेत एकदा गर्दीत हरवली, तर रडत कुणाला पत्ता विचारत फिरली नाही. नारळवाल्याच्या ओट्यावर बसून राहिली, आपल्या माणसांना आपण सापडेपर्यंत.

तिच्या आजीनं, तुळजाबाईनं, हे सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. तुळजाबाईकडं टेकडीवरच्या देवीची, येडाईची, परडी होती. गळ्यात कवड्यांची माळ, हातात वेताची परडी, आणि दर शुक्रवारी दिवसभर उपास करून संध्याकाळी पाच घरी जोगवा मागायचा. मूठभर पीठ, चिमूटभर मीठ, तांदूळ, जे कुणी वाढेल ते. पाच घरं पुरी झाली की त्याच पिठाची भाकर करून देवीला दाखवायची आणि मगच तोंडात घास घालायचा. घरी ज्वारीची पोती असली तरी मागायचंच. तुळजाबाई म्हणायची, "पोटासाठी न्हाय मागत माय. मान वाकावी म्हणून मागती."

या फेरीला ती नातीला बरोबर न्यायची. मिठाची वाटी अर्पिताच्या हातात. आजी दारात उभी राहून हाक द्यायची, "आई राजा उदो उदो! जोगवा वाढा गं माय!" आणि नात तिच्या पाठीमागं, उंबऱ्यापासून चार हात लांब, भिंतीला चिकटून. एकदा तुळजाबाईनं तिला पुढं ढकललं, "तू माग आज." पोरीनं वाटी छातीशी धरली, ओठ हलवले, आवाज निघालाच नाही. घरी येऊन तुळजाबाई सुनेला म्हणाली, "हुशार हाय पोरगी तुझी. पण हिला मागता येत न्हाय. जिला मागता येत न्हाय, तिचं कसं व्हायचं, दैवशाला?"

दैवशालाला तेव्हा सासूचं हसू आलं होतं. ती बी. ए. झालेली, भूगोल घेऊन. दारोदार हात पसरणं तिला स्वतःलाच पसंत नव्हतं. पण सासू गेली, परडी कोनाड्यात राहिली, आणि पहिल्या शुक्रवारी शेजारच्या शिवकांताकाकू आपण होऊन दारात येऊन म्हणाल्या, "पीठ काढून ठेवलंय गं. येणार न्हाईस का?" दैवशाला गेली. मान खाली घालून, पदर पुढं करून गेली. आणि मग जातच राहिली. कुणाची सून बाळंतीण झाली, कुणाच्या घरी दोन भाऊ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना वेगळं शिजवतात, कुणाला डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलंय, सगळं तिला पाच उंबऱ्यांवर कळत गेलं. भूगोल घेऊन जे गाव तिला समजलं नव्हतं, ते परडीनं समजलं.

अर्पिता लातूरला शिकली. परीक्षा देत राहिली, एकटी, खोलीचं दार लावून. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात निवड झाली आणि नेमणूक आली कलकत्त्याची. महारुद्रनं पेढे वाटले. लोकांनी विचारलं, "कलकत्ता म्हणजे किती लांब?" त्यानं सांगितलं, "पगार जवळ हाय." पोरगी एक बॅग, एक कुकर आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन निघून गेली. फोन यायचा तो रविवारी सकाळी. ठीक आहे. जेवले. ऊन आहे. पाऊस आहे. ठीक आहे.

तिकडं तिच्या नावानं एक गंमत केली होती. अर्पिता हे बंगाल्यांतही चालणारं नाव. लोक मोठ्या आपुलकीनं तिच्याशी भडाभडा बंगालीत बोलायला लागायचे, आणि हिला समजत नाही म्हटल्यावर तेवढ्याच झटक्यात थांबायचे. "चूक माझीच असल्यासारखं वाटतं," ती एकदा फोनवर म्हणाली होती. दैवशाला तेव्हा हसली होती. नंतर ते वाक्य तिला रात्रंदिवस टोचलं.

म्हणून ती गेली. पुण्याहून हावड्याच्या गाडीत बसून, कडक भाकरी आणि ज्वारीचं पीठ पिशवीत घेऊन.

*

आणि मग तो शुक्रवार. अर्पितानं रजा काढली होती, आईला शहर दाखवायला. दैवशालानं सकाळी अंघोळ करून कवड्यांची माळ घातली. परडी एवढ्या लांब आणवत नाही, म्हणून पदरातच मागायचं तिनं ठरवलं होतं.

"पाच घरं दाखव," ती म्हणाली.

अर्पिता चहा गाळत होती. "कसली घरं?"

"जोगव्याची. तुझ्या ओळखीची कुठलीबी पाच."

चहाची गाळणी तशीच कपावर राहिली. "आई, इथं कुणाला जोगवा कळणार आहे?"

"कळायचं काय त्यात? मूठभर तांदूळ द्यायचा. तू नुसतं दार दाखव. घरमालकीण?"

"ती दुसरीकडं राहते. तिला पैसे ऑनलाइन जातात."

"समोरचं दार?"

"उघडं कधी बघितलं नाही."

"हापिसातल्या बाया?"

"लांबून येतात गं सगळ्या. सहा वाजले की पळतात."

"मग तुला ताप आला तर तू सांगतीस कुणाला?"

"तापाच्या गोळीला," अर्पिता म्हणाली. ती विनोद करत होती. हसलं मात्र कुणीच नाही.

दैवशालाला वाटलं, आपण या पोरीच्या घरातलं असं एक कपाट उघडलं, जे उघडायचं नव्हतं. पाच घरं लांब राहिली, या एवढ्या मोठ्या शहरात तिच्याकडं एक दार नव्हतं. गाळलेला चहा तसाच निवला. आईचा उपास, म्हणून लेकीनंही घेतला नाही.

मग अर्पिता एकदम म्हणाली, "चल. तुला ट्राम दाखवते. गाडीभर माणसं असतात. त्यांच्याकडं माग."

ट्राम दैवशालानं भूगोलाच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. प्रत्यक्षात ती भर रस्त्यात आली, रुळांवरून, एकाला एक जोडलेले दोन डबे, डोक्यावर विजेची तार, रंग उडालेला, आणि पायाखालची घंटा टणटण वाजवणारा ड्रायव्हर. डाव्या-उजव्या बाजूनं बस, टॅक्सी, हातगाड्या तिला मागं टाकून जात होत्या आणि ती आपली संथ, येरमाळ्याच्या चढावर लागलेल्या उसाच्या ट्रॅक्टरसारखी. "दीडशे वर्षं चालतीये म्हणे," अर्पिता म्हणाली. "आता बंदच करत आणलीये. एक-दोन वाटा उरल्यात. पाहुणे लोक मुद्दाम बसायला येतात."

"आपणबी पाहुणेच की."

"तू पाहुणी," अर्पिता म्हणाली आणि सरावल्यासारखी दांडी धरून वर चढली.

आतली बाकं लाकडी, बसून बसून गुळगुळीत झालेली. अर्पिता थेट तिसऱ्या खिडकीशी जाऊन बसली. कंडक्टर आला, खांद्याला चामडी पिशवी, बोटांच्या बेचक्यात पातळ तिकिटांची घडी. त्यानं अर्पिताकडं पाहिलं, मग दैवशालाकडं, आणि त्याचं तोंड उजळलं.

"दीदी! आज तो इतवार नहीं है!" मग दैवशालाला, "आपका बेटी है? हर इतवार आता है. चढ़ता है, उतरता नहीं. लास्ट स्टॉप तक जाता है, फिर इसी गाड़ी में वापस."

अर्पिता खिडकीबाहेर बघू लागली. दैवशालाला दोन गोष्टी एकदम वाटल्या. बरं वाटलं, की कुणीतरी हिला ओळखतो. आणि मग कळलं, की रविवारी सकाळी 'ठीक आहे, जेवले' म्हणून फोन ठेवल्यावर पोरगी काय करते. ट्राममध्ये बसते. कुठं जायचं नसताना जाते, आणि तिथून परत येते.

"ह्या गाडीत काय हाय एवढं?" तिनं विचारलं.

"काही नाही. हळू चालते. लोक चढतात, उतरतात, कुणाला घाई नसते. कुणी बोललं नाही तरी वाईट वाटत नाही." मग ती म्हणाली, "इथं मला कुणी ओळखत नाही, ते सुरुवातीला लई बरं वाटलं आई. येरमाळ्यात बसमधून पाय खाली ठेवला की दहा जण विचारतात. कधी आलीस, किती दिवस, लग्न कधी. इथं कुणी विचारत नाही."

"आन आता?"

"आता कधी कधी वाटतं, विचारावं कुणीतरी."

जुन्या पुस्तकांच्या दुकानांची गल्ली लागली. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या भिंती आणि मधून ट्राम. तिथंच ती थांबली. पुढं रुळांवर कुणी टेम्पो उभा करून गेला होता. ड्रायव्हर घंटा वाजवून वाजवून थकला. एसटी असती तर कडेनं निघाली असती. ट्रामला कड नसते. दोन-चार माणसं उतरून चालायला लागली. दैवशाला उठली. आता नाही मागितलं तर गाडी रिकामी होईल. तिनं पदर दोन्ही हातांनी पुढं धरला आणि समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईपुढं उभी राहिली.

"आई राजा उदो उदो. जोगवा वाढा माय."

बाई गोंधळली. तिच्या मांडीवर मुरमुऱ्यांची पिशवी होती. तिनं एकदा दैवशालाच्या गळ्यातल्या कवड्यांकडं पाहिलं, एकदा तिच्या चांगल्या साडीकडं, आणि काय समजली कोण जाणे, मूठभर मुरमुरे पदरात टाकून तिनं कपाळाला हात लावला. पलीकडं दिल्लीकडचं एक जोडपं मोबाइलवर सगळं टिपत होतं. त्यातल्या बायकोनं नवऱ्याला कोपर मारून थांबवलं आणि बिस्किटाचा पुडा दिला.

तेवढ्यात कंडक्टर आला. "मासीमा, नहीं नहीं. गाड़ी में भीख माँगना मना है."

दैवशालाचा पदर तिथंच राहिला. कान तापले. हिंदीत जोगवा कसा सांगायचा? भीक नव्हे, घरी आमच्या ज्वारीची पोती आहेत, हे कसं सांगायचं? तिला वाटलं, मागं बसलेल्या लेकीला आता मेल्याहून मेल्यासारखं होत असेल. मान वळवायचा तिला धीर झाला नाही.

आणि पाठीमागून आवाज आला. अर्पिताचा. उभा राहिलेला आवाज. अर्धी बंगाली, अर्धी हिंदी, अडखळत, शब्द शोधत, पण मोठ्यानं. भीख नहीं है दादा. हमारे देवी का नियम है. पाँच घर से माँगना पड़ता है, नहीं तो माँ खाना नहीं खाती. तिनं एवढी वाक्यं सलग बोललेली दैवशालानं कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. कंडक्टरनं ऐकून घेतलं. चामड्याच्या पिशवीत गेलेला हात त्यानं बाहेर काढला, आणि सदऱ्याच्या खिशातून, स्वतःच्या, एक नाणं काढून पदरात ठेवलं. "पिशवीचं सरकारी," असं काहीसं म्हणाला तो आपल्या भाषेत. अर्पितानं मराठीत करून सांगितलं तेव्हा दैवशालाला हसू फुटलं.

दाराशी एक गृहस्थ जुन्या पुस्तकांचा गठ्ठा आणि भाजीची पिशवी घेऊन उतरायच्या बेतात होता. त्यानं मघाशी तोंड फिरवलं होतं. अर्पिता त्याच्याकडं गेली. आईच्या पदराचं एक टोक हातात धरून गेली, आणि म्हणाली काहीतरी. त्यानं भाजीच्या पिशवीत हात घालून एक लिंबू दिलं.

चार झाले. पाचवं माणूस गाडीत उरलं नव्हतं. ड्रायव्हर टेम्पोवाल्याला शोधायला गेला होता, लोक उतरून गेले होते. म्हातारी, दिल्लीचं जोडपं, सगळे. रिकाम्या लाकडी बाकांमध्ये दोघी बसून राहिल्या. अर्पितानं पर्स उघडली, एक नाणं काढलं आणि आईच्या पदराकडं हात नेला.

"मी वाढते पाचवा."

"तू?" दैवशाला हसून म्हणाली. "तू घरचीच. आपल्या घरचं आपल्या पदरात पडत न्हाय. आजी सांगायची की."

अर्पिताचा हात थांबला. तिनं नाणं परत पर्समध्ये टाकलं, चेन लावली आणि म्हणाली, "बरं." बाकी काही नाही. मग संध्याकाळी गंगेच्या घाटावर दैवशालानं नदीलाच पाचवं घर मानलं, ओंजळभर पाणी पदराला लावलं आणि उपास सोडला. अर्पिता पायरीवर उभी होती. जेवण मात्र तिनं आईबरोबरच केलं, दिवसभराचं उपाशी पोट घेऊन.

परत येऊन महारुद्रला दैवशालानं सांगितलं ते एवढंच. तिला तिथं कुणी नाही हो. पाच घरं नाहीत. चारच निघाली, तीही गाडीतली.

*

आजच्या शुक्रवारीही दिवेलागणीला दैवशाला परडी घेऊन निघाली. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर उघडं होतं. सुनेनं पीठ वाढलं. दुसऱ्या घराला कुलूप. म्हातारा-म्हातारी पुण्याला लेकाकडं गेलेली, आता परत येतील असं कुणी म्हणत नव्हतं. त्याच्या पुढच्या घरालाही कुलूप, ते लातूरला. त्याच्या ओट्यावर बाभळीचा पाला साचला होता. वळून मागच्या आळीत दोन घरं मिळाली. मग शिवकांताकाकू. झालं. पाचवं घर वर्षभर मिळतच नव्हतं. बसस्टँडकडची नवी घरं भाडेकऱ्यांची. तिथं हाक द्यायला तिची जीभ उचलत नसे. म्हणून ती गुपचूप टेकडीच्या वाटेनं देवळाच्या पायरीपर्यंत जायची, पायरीवरचा चिमूटभर भंडारा परडीत टाकायची आणि पाच झाले म्हणायची. हे तिनं महारुद्रलाही सांगितलं नव्हतं. लेकीला तर नाहीच.

शिवकांताकाकू दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून उठल्या नाहीत. पिठाचा डबा शेजारीच ठेवलेला.

"ये गं बये. किती झाली?"

"तुमचं चौथं."

"आन पाचवं देवीच्या पायरीचं," काकू म्हणाल्या.

दैवशाला दचकली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इथं बसून मला दुसरं काम काय हाय? कोण कुठल्या वाटंनं जातं ते बघती मी. देवी काय उठून कानाखाली मारणार न्हाय तुला. पण तिच्या पायरीचं तिलाच, हे काय बरं दिसत न्हाय." त्यांनी परडीत मूठ सोडली. "लेकीकडं गेलतीस न्हवं? लेकीच्या घरचा आणला का जोगवा?"

"लेकीचं लगीन कुठं झालंय काकू? ती घरचीच अजून."

"व्हय? तिथलं भाडं कोण भरतंय?"

"तीच."

"चूल कोण पेटवतंय?"

"तीच."

"आन दार लावून घेतं कोण?"

दैवशालानं परडी या हातातून त्या हातात घेतली.

"मग घर कुणाचं गं ते? तुझं का?" काकू हसल्या, दातांच्या मोकळ्या जागांतून. "तुझी सासू असती तर तिनं आधी लेकीचं दार धरलं असतं. तिला मागायची लाज कधी वाटली न्हाय. तुला अजून वाटती."

"लाज न्हाय हो."

"मग काय?"

काकूंनी डब्याला झाकण लावलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारून दुसऱ्याच गोष्टी सुरू केल्या.

टेकडीची वाट डावीकडं होती. दैवशाला उभी राहिली. वर देवळाचे दिवे लागले होते, खाली हायवेवर गाड्यांची रांग. ती वळून घरी आली. परडी ओट्यावर ठेवून शेजारी बसली. महारुद्र यायला वेळ होता. दिवसभराच्या उपासानं डोकं हलकं झालं होतं, आणि डोळ्यांपुढं येत होतं ते एकच. पर्सची चेन लावणारा लेकीचा हात. आणि 'बरं'.

महिनाभर ती हेच धरून बसली होती की, पाचवं घर निघालं नाही. पोरीला कुणी नाही. पण आज पहिल्यांदा तिला त्याच्या आधीचं आठवलं. मिठाची वाटी छातीशी धरून भिंतीला चिकटणारी ती मुलगी, भरल्या गाडीत उभी राहून, परक्या भाषेत, दुसऱ्यासाठी का होईना, मागत होती. पदराचं टोक धरून एका अनोळखी माणसापर्यंत गेली होती. हे बघायला तुळजाबाई नव्हती. दैवशाला होती, आणि तिनं मोजले फक्त लिंबू आणि मुरमुरे.

आणि स्वतःच्या गल्लीतली दोन कुलपं ती कुणाला सांगत होती? लेकीला विचारलं, पाच घरं दाखव. लेकीनं उलटून विचारलं असतं, आई, तू दाखव, तर?

तिनं मोबाइल घेतला. महारुद्रनं सांगितलेलं वाक्य तयार होतं. बास झालं, ये. राजीनामा दे. पण ते वाक्य घेऊन फोन केला तर पलीकडून पुन्हा 'बरं' येणार, आणि पुन्हा एक चेन लागणार. वाशीवाल्यांना काय सांगायचं, आणि सांगायचं की नाही, ते अर्पिता सांगेल. आधी तिला विचारायला हवं. आणि त्याच्याही आधी दुसरं काहीतरी हवं होतं.

तिच्या ध्यानात आलं की, आजवर लेकीला फोनवर आपण हजार गोष्टी विचारल्या. जेवलीस का, ताप आहे का, कडी लावलीस का. मागितलं मात्र कधीच काही नाही. फोनही रविवारी तिकडूनच यायचा. शुक्रवारी, अशा वेळी, आपण होऊन केलेला तिला आठवेना. हापिसातून नुकती येत असेल. हिरवं दार उघडत असेल. समोरचं बंदच असेल.

घरात मिठाची वाटी तशीच जुनी, पितळी, एका बाजूला चेपलेली. दैवशाला उठून ती घेऊन आली, परडीत ठेवली, आणि पदर नीट पुढं ओढून घेतला, दारात उभं राहताना घेतात तसा. अर्पिताला कुणी नाही हे खरं असेल, खोटं असेल. पण कलकत्त्यात तिसऱ्या मजल्यावर एक घर होतं आणि तिथं आज शुक्रवारी कुणीतरी हाक द्यायला हवी होती. पीठ फोनमधून येणार नव्हतं. तिथंच अर्पितानं मूठभर तांदूळ एका डब्यात काढून ठेवावेत, पुढच्या वेळी आणावेत. तोवर ते मोजलेले धरू. तुळजाबाईच्या नियमात हे बसत होतं की नाही, कोण जाणे. विचारायला ती नव्हती.

तोंडातल्या तोंडात तिनं हाक एकदा म्हणून पाहिली. आवाज निघेना. उंबऱ्यापासून चार हात लांब उभ्या असलेल्या पोरीला कसं वाटत असेल ते तिला आत्ता समजलं. मग तिनं घसा साफ केला आणि अर्पिताचा नंबर लावला.